वांग जायला सीवीडच्या कॅप्सूल घेतल्या तर काही होतं का?

झिपरी: दुसऱ्या डिलिव्हरीनंतर दोन्ही गालांवर वांग आलेत, कन्सीलर लावलं तरी खालून राखाडी दिसतातच. नणंदेने केल्पच्या कॅप्सूल आणून दिल्यात, समुद्री शेवाळाने मेलॅनिन कमी होतं म्हणे. घेऊ का? थायरॉइडची गोळी चालू आहे.

अर्धाकपचहा: थायरॉइड आहे तर आधी डबा बंद कर बाई! केल्पमध्ये आयोडीन बेसुमार असतं, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं आणि वाळलेल्या कोम्बूच्या (हा केल्पचाच एक प्रकार) एका ग्रॅममध्येच हजाराच्या वर असू शकतं.

प्रयोगवही: दावा अगदीच हवेतला नाहीये. मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि कोरियाच्या जेजू बेटाकडे मिळणाऱ्या एक्लोनिया कावा या तपकिरी शेवाळातली फ्लोरोटॅनिन्स नावाची रसायनं, त्यातही डायेकॉल, ते एन्झाइम अडवतात. पण हे दिसलंय मुख्यतः डिशमधल्या उंदराच्या पेशींवर नाहीतर झेब्राफिशच्या पिल्लांवर, आणि गिळलेली गोळी पोटातून गालापर्यंत किती पोचते हा प्रश्न वेगळाच ना. शिवाय केल्प म्हणजे एक्लोनिया कावाच असं काही नाही, डब्यावर जात बघ.

मावशीबोलतेय: चायना ग्रासपण शेवाळच, वर्षानुवर्षं पुडिंग खाऊन आमच्याकडे कोणी गोरं झालं नाही 😄 मला फरक पडला तो आयर्न ऑक्साइडवाल्या टिंटेड सनस्क्रीनने, कारण वांग नुसत्या यूव्हीने नाही तर दिसणाऱ्या उजेडानेपण गडद होतात.

झिपरी: डब्यावर नुसतं 'सी केल्प' लिहिलंय. नणंदेला काय सांगू आता 🙈