मधुमेहाच्या गोळ्या आणि रोजचा गुळवेलीचा काढा

रानजाई:
माझ्या सासूबाई (वय ६८) मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. करोनाच्या काळात सुरू केलेला गुळवेलीचा काढा त्यांनी आजतागायत सोडलेला नाही. परसातल्या कडुनिंबावर चढलेल्या वेलीचे कांड ठेचून, उकळून, गाळून त्या रोज उपाशीपोटी घेतात. झाडपाल्याने अपाय होत नाही, असे त्यांचे ठाम मत असल्याने डॉक्टरांच्या कानावर त्यांनी हे कधी घातलेले नाही. अलीकडे दुपारच्या जेवणाआधी त्यांना दरदरून घाम येतो आणि हात थरथरतात. याचा काढ्याशी संबंध असेल का? आणि निंबावरचीच गुळवेल गुणकारी, हे कितपत खरे?

खलबत्ता:
ताई, निंबाचा प्रश्न नंतर पाहू. घाम आणि थरथर ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात, म्हणून पुढच्या वेळी त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर साखर मोजा. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ग्लिमेपिराइडने एकट्यानेही साखर उतरते. गुळवेलही साखर कमी करते, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यास परिणाम वाढू शकतो. काढा तूर्त थांबवावा, परंतु गोळ्यांचे प्रमाण आपल्या मनाने बदलू नये. काढ्यात मुळात किती कांड पडते, हेही पाहा. शासनाच्या आयुर्वेदिक औषधकोशात काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम आणि चूर्णासाठी ३ ते ६ ग्रॅम अशी मात्रा दिलेली आहे. घरोघरी मात्र 'वीतभर' हेच माप चालते आणि वीतभर कांड कोवळे की जून यावर वजन कितीतरी बदलते.

सह्यकडा:
वेलीची ओळखही पटवून घ्यावी. गुळवेलीच्या जून कांडाची साल कागदासारखी पातळ असून सहज सुटते, आत हिरवा गर दिसतो, आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात आणि वरून दोऱ्यासारखी हवाई मुळे लोंबतात. तिचीच एक जातभगिनी, टिनोस्पोरा क्रिस्पा, हिच्या कांडावर ठळक गाठी असतात. आयुष मंत्रालयाने या दोघींची गल्लत करू नये असे बजावलेले आहे, कारण ही दुसरी यकृताला अपायकारक ठरू शकते. निंबावरच्या वेलीला परंपरेने मान आहे, पण त्यामुळे तिची मात्रा किंवा जोखीम बदलते असे धरून चालू नये.

खलबत्ता:
यकृताचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा मंत्रालयाने वनस्पतीची खातरजमा झालेली नाही असा आक्षेप घेतला. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद आली. कित्येकांत हा दाह स्वप्रतिकारक यकृतदाहासारखा होता, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलेली. असंख्य लोक गुळवेल घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हे खरेच. पण 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणून जे रोज घ्यायचे, त्याचा हाच गुण काहींना बाधतो. कुटुंबात थायरॉइड किंवा संधिवातासारखा स्वप्रतिकारक आजार असल्यास विशेष सांभाळावे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसणे, अन्नावरची वासना उडणे, कारण नसता खाज सुटणे, यांपैकी काही आढळल्यास यकृताची तपासणी त्वरित करून घ्यावी.

रानजाई:
आज दुपारी मोजले; साखर ६२ भरली. साखरपाण्याने बरे वाटले. काढा बंद करण्यास त्या तयार नव्हत्या, पण आकडा पाहून नरमल्या. संध्याकाळी डॉक्टरांकडे जात आहोत.

सह्यकडा:
जाताना गोळ्यांच्या पट्ट्यांसोबत वेलीचा तुकडाही पानासकट न्या आणि यकृताची चाचणी करावी का, हे विचारा. काढा पुन्हा घ्यायचाच असेल, तर नोंदणीकृत वैद्यांकडून मात्रा आणि मुदत लिहून घ्या व ती चिठ्ठी डॉक्टरांनाही दाखवा.