विषय: ‘द प्ले दॅट गोज राँग’ – सासू-सासऱ्यांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,
नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलला ‘द प्ले दॅट गोज राँग’ दौऱ्यावर येतंय, ग्रुप बुकिंगचा विचार आहे. सध्या सासू-सासरे आमच्याकडे आहेत. दोघांना इंग्रजी छान वाचता येतं, पण इथले उच्चार डोक्यावरून जातात. दोन तास नुसते बसून कंटाळतील का? कोणी पाहिलंय?
– सांस्कृतिक सचिव

ताई,
खुशाल आणा! निम्मे संवाद कळले नाहीत तरी बिघडत नाही, ते तिथल्या नटांनाच आठवत नसतात. हौशी मंडळी १९२०च्या दशकातलं खुनाचं नाटक करतायत आणि जे फसू शकतं ते सगळं फसतं. प्रेताच्या हातावर पाय पडतो, प्रेत कळवळतं. दार नायिकेच्या तोंडावर आदळून ती आडवी होते, मग बॅकस्टेजची मुलगी संहिता हातात घेऊन तिच्या जागी उभी. नायिका शुद्धीवर आल्यावर दोघींची जी जुंपते, तेव्हा आमच्या मातोश्री खुर्चीत मावत नव्हत्या.

सगळ्यात भारी प्रसंग संवाद अडकतो तो. एक नट चुकून मागचंच वाक्य घेतो, की अख्खा प्रवेश पुन्हा पहिल्यापासून. व्हिस्कीच्या जागी भलतंच काहीतरी भरलेलं, त्यामुळे दर फेरीला सगळ्यांना ते तोंडात घेऊन थुंकावं लागतं. पुढच्या फेरीला तर ग्लासाकडे हात जातानाच प्रेक्षक ओरडायला लागतात.

आपल्याकडच्यांना सांगायचं तर हे साहेबाचं ‘वस्त्रहरण’! फरक एवढाच, की गवाणकरांच्या नाटकात मालवणी न कळणाऱ्याची अर्धी मजा जाते. इथे हशा नेपथ्यालाच जास्त. वरच्या मजल्यावरची खोली कलायला लागते आणि नट फर्निचर धरून तोल सावरतात. म्हणून अगदी कडेच्या खुर्च्या घेऊ नका, मधल्याच बघा.

आणि तिसऱ्या घंटेपर्यंत बाहेर रेंगाळू नका. पडदा उघडायच्या आधीच बॅकस्टेजवाले ठोकाठोक करत असतात, एखाद्या प्रेक्षकालाही कामाला लावतात.
– डर्बीहून एक नाटकवेडा

सचिवबाई,
सासऱ्यांना हेही सांगा: अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माऊसट्रॅप’ ह्या खुनाच्या नाटकाचा पहिला प्रयोग ६ ऑक्टोबर १९५२ला ह्याच थिएटर रॉयलला झाला, लंडनला ते मागाहून गेलं. म्हणजे ज्या जातीच्या नाटकाची ही पोरं टर उडवतात, त्याच्या जन्मघरातच! ‘माऊसट्रॅप’मध्ये खुनी कोण ते बाहेर सांगू नका अशी विनंती असते. इथे सांगितलं तरी चालेल, खुनाकडे लक्ष असतंय कुणाचं?

दौऱ्यात कधी कधी एखादा प्रयोग कॅप्शनवाला असतो, बाजूच्या पट्टीवर संवाद उमटतात. वाचता येतं म्हणताय तर तोच घ्या.
– ज्येष्ठ गटातला काका

काका,
कॅप्शनचं मी बघणारच होते, पण फार्समध्ये डोळे पट्टीवर गेले की दार पडलेलं हुकतं. शिवाय सासूबाई वाक्य आधीच वाचून मोठ्याने हसणार आणि आजूबाजूचे वळून बघणार! शनिवारचा दुपारचा साधा प्रयोगच घेतेय, मधल्या रांगा मागते. कथानक मी गाडीत सांगेन. यायचं असेल त्यांनी गुरुवारपर्यंत नावं द्या, आणि लहान मुलं असतील तर वयं कळवा.
– सांस्कृतिक सचिव