महालक्ष्मी रेसकोर्सवर जुन्या रॉक बँडचा कार्यक्रम: उभं कुठे राहायचं, कान कसे सांभाळायचे?

निळीसावली:
नमस्कार मंडळी. वडील ६७ वर्षांचे आहेत, सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकचे पक्के चाहते. १७ मे २०२५ ला गन्स अँड रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, ते त्यांचं हुकलं. पुढचा असा बँड मुंबईत येईल तेव्हा त्यांना न्यायचंच आहे, म्हणून आधीच विचारून ठेवते. गुडघे दुखतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. कान उत्तम आहेत आणि तसेच राहायला हवेत. स्टेजसमोरचं महागडं तिकीट घ्यावं की मागचं? गायक सत्तरीला आला की आवाज उतरतो म्हणतात, मग नेमकं काय ऐकायला मिळतं? आणि डोंबिवलीहून जाण्या-येण्याचं कसं जमवावं?

ध्वनिमेज:
ताई, निव्वळ ऐकण्यासाठी अगदी पुढचं तिकीट ही सगळ्यात वाईट जागा. स्टेजच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरच्या माळा मैदानाच्या मधल्या आणि मागच्या भागाकडे रोखलेल्या असतात. कठड्याला चिकटून उभं राहिलं की तो आवाज डोक्यावरून निघून जातो. तिथे ऐकू येतात ते स्टेजच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर, ड्रम आणि जमिनीवरच्या सबवूफरचा (फक्त बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) दणका. गायकाचे शब्द त्यात बुडतात.

मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा तंबू असतो, तिथे बसलेला माणूस जे ऐकतो त्यावरच सगळं मिक्सिंग ठरतं. त्या तंबूच्या दहा-पंधरा पावलं पुढे, मध्यरेषेपासून थोडं डावीकडे किंवा उजवीकडे उभं राहा. बरोब्बर मध्यरेषेवर नको. डावे-उजवे सब वेगवेगळे ठेवलेले असतील तर दोघांचा बास त्या पट्ट्यात एकाच वेळी पोचतो आणि जोर वाढतो, छातीत धडधडतं. चार-पाच मीटर बाजूला सरकलात की तोच बास आटोक्यात येतो. तंबूच्या पाठीमागेही नको, दिसत काहीच नाही आणि आवाजही अडतो.

मागचं तिकीट काढलंत तर डिले टॉवर शोधा, म्हणजे मागच्या लोकांसाठी मैदानात उभे केलेले स्पीकरचे मनोरे. १०० मीटरवर आवाज पोचायला साधारण ०.२९ सेकंद लागतात, म्हणून टॉवरचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात, म्हणजे तो स्टेजच्या आवाजाशी जुळतो. ही जुळणी टॉवरच्या पुढल्या तोंडासमोर, स्टेजपासून लांबच्या बाजूला असलेल्यांसाठी केलेली असते. टॉवर आणि स्टेज यांच्या मधे, टॉवरच्या पाठीशी उभं राहिलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. स्पष्टपणा गेल्याची तक्रार करणारे बरेचदा तिथेच उभे असतात.

रेसकोर्स समुद्राला लागून आहे, तेव्हा वारा गृहीत धरा. वाऱ्याने झांजा आणि गिटारचे वरचे सूर येतात-जातात, बास मात्र टिकतो. आवाज मधेच मंद झाला तर तो साउंडवाल्याचा दोष असेलच असं नाही.

कानांबद्दल. अशा कार्यक्रमांत आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास असतो. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा एक प्रचलित निकष असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात, आणि कार्यक्रम दोन-अडीच तासांचा. कानात घालायचे बोळे हवेतच. कापसाने जवळपास काहीच अडत नाही.

सहातारा:
आवाजाचा प्रश्न मी घेतो, कारण यावर फार उथळ बोललं जातं.

वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, श्वास अपुरा पडतो. सगळ्यात आधी जातात ते वर लांब धरून ठेवायचे सूर. मधला पट्टा बरेचदा शाबूत असतो, कधी जास्त भारदस्तही होतो. त्यामुळे जाणते बँड तीन गोष्टी करतात. काही गाणी सोडून देतात: डीप पर्पल या ब्रिटिश बँडने ‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणं कित्येक वर्षांपूर्वी कार्यक्रमातून काढलं, कारण त्यातल्या किंकाळ्या गायक इयान गिलानला (जन्म १९४५) पूर्वीसारख्या जमत नव्हत्या. हा निर्णय मला मोठा वाटतो. दुसरं, दोन अवघड गाण्यांनंतर ड्रम किंवा गिटारचा लांब सोलो येतो, तेवढ्यात गायक श्वास घेतो, पाणी पितो. त्या वेळेला पॉपकॉर्न आणायला जाऊ नका, वादकांची खरी मजा तिथेच असते.

तिसरं, सूर खाली आणतात. अर्धा किंवा एक पूर्ण स्वर. गिटारच्या तारा सैल केल्या की आवाज जाड आणि किंचित ढिला होतो. एक स्वर उतरवला तर काही वादक दहाऐवजी अकरा गेजच्या, म्हणजे थोड्या जाड, तारा चढवतात, म्हणजे ताण टिकतो. प्रत्येक पट्टीसाठी वेगळी गिटार तयार असते. दोन गाण्यांच्या मधे स्टेजच्या कडेकडे पाहा: टेक्निशियन नवी गिटार पट्ट्यासकट पुढे करतो, जुनी खांद्यावरून उतरते, आणि तेवढ्या दहा सेकंदांत गायक प्रेक्षकांशी बोलून घेतो. गिटार बदलली की सूर बदलला असण्याची शक्यता असते. जुन्या हॅमंड ऑर्गनला (विजेवर चालणारं, पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य) मात्र सूर सरकवायची कळ नसते, वादकाला तेच गाणं नव्या पट्टीत बोटांवर बसवावं लागतं. वडिलांना हे सांगून ठेवा, त्यांना ऐकायला आवडेल.

सूर खाली म्हणजे म्हातारपण, असंही प्रत्येक वेळी नसतं. गन्स अँड रोझेस पहिल्या अल्बमपासूनच अर्धा स्वर खाली वाजवतात.

तयारी म्हणून मूळ रेकॉर्ड घोकू नका. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या चार-पाच कार्यक्रमांची गाण्यांची यादी इंटरनेटवर सापडते, ती पाहा. अशा बँडची यादी गावागणिक एखाद-दुसऱ्या गाण्याने बदलते, बाकी तीच असते. मग अलीकडच्या थेट ध्वनिमुद्रणांवर त्याच क्रमाने ऐका. कान नव्या लयीला आणि नव्या सुराला सरावले की पहिल्या गाण्याला धक्का बसत नाही.

आणि ध्वनिमेज, एका मुद्द्यावर मतभेद. गिटार वाजवणाऱ्या माणसाला पुढच्या जागेवरून बोटं दिसतात, तारा छेडायचा पिक कसा धरलाय ते कळतं. पडद्यावर कॅमेरा नेमक्या सोलोच्या वेळी चेहरा दाखवतो. गुडघे धड असते तर मी पुढचंच सुचवलं असतं.

परळकरीण:
गुडघ्यांचा विचार करता पुढचं तिकीट नकोच. ती जागा मिळवायला दुपारपासून उभं राहावं लागतं आणि एकदा बाहेर पडलात की परत तिथे शिरता येत नाही. मधुमेहात लघवीला वारंवार जावं लागतं, हे विसरू नका. तिकीट काढल्याबरोबर आयोजकांना ईमेल करून ज्येष्ठ किंवा अपंग प्रेक्षकांसाठी उंच मंच, खुर्ची आहे का, ते लेखी विचारा. दारावर गेल्यावर विनवण्या करून उपयोग होत नाही. कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर असेल (यू२ हा आयरिश बँड तिथेच वाजवून गेला, १५ डिसेंबर २०१९) तर स्टँडमधली खुर्ची घ्या. तिथे आवाज काँक्रीटवर आपटून परत येतो, पण बसायला मिळतं.

वेळ काटेकोर पाळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस मुख्यतः गणपती-नवरात्रासारख्या सणांना जातात. म्हणून मुख्य बँड सात-साडेसातलाच चढतो. ‘रॉकवाले उशिरा येतात’ या समजुतीवर नऊला पोचलात तर निम्मा कार्यक्रम गेलेला असेल.

डोंबिवलीहून दादरला उतरा आणि पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धरा, महालक्ष्मीला फास्ट थांबत नाही. स्टेशनवरून प्रवेशद्वार लांबच्या बाजूला असू शकतं, तेव्हा आधी नकाशा पाहून ठेवा. परतताना सगळी गर्दी महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर तुंबते. मेट्रो ३ चं स्टेशन जवळ आहे, पण शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास, तिच्यावर भिस्त ठेवू नका. तुम्हाला मध्य रेल्वेच हवी आहे, तर सात रस्त्याच्या दिशेने थोडं चाला, टॅक्सी करा आणि भायखळा गाठा. तिथे बऱ्याच फास्टही थांबतात आणि दादरच्या आधी चढल्यामुळे वडिलांना बसायला मिळण्याची शक्यता वाढते.

तिकिटाचा क्यूआर कोड घरीच फोनवर उतरवून ठेवा, हजारो फोन एका मैदानात आले की नेटवर्क मान टाकतं. भेटायची जागा आधी ठरवा, ‘स्टेजजवळ’ असं मोघम नको; अमुक नंबरचं गेट, असं. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. साखर उतरली तर म्हणून ग्लुकोज बिस्किटं जवळ हवीत. बाहेरचं खाणं दारावर काढून घेतात, पण चिठ्ठीत तसं लिहिलेलं असेल तर वाद घालावा लागत नाही.

निळीसावली:
खूप आभार. बोळे कुठले घ्यायचे आणि कसे घालायचे, तेवढं सांगाल का? एकदा घातले होते ते सारखे बाहेर येत होते.

ध्वनिमेज:
औषधाच्या दुकानातले फोमचे चालतात, स्वस्त आहेत, पण वरचे सूर जास्त कापतात आणि संगीत उशीखालून आल्यासारखं लागतं. ‘म्युझिशियन’ प्रकारचे, मधे फिल्टर असलेले सिलिकॉनचे बोळे खालचे-वरचे सगळे सूर साधारण सारखेच मंद करतात. संगीतासाठी तेच घ्या.

फोमचे बाहेर येतात ते नीट न वळल्यामुळे. स्वच्छ, कोरड्या बोटांनी वळून वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि बोट लावून अर्धा मिनिट धरून ठेवा, फोम फुगेपर्यंत. समोरून पाहिल्यावर बोळा बाहेर डोकावताना दिसला तर तो नीट बसलेला नाही, काढा आणि परत घाला. पहिल्या गाण्याच्या आधी घाला, कान बधिर झाल्यावर नव्हे. एक जादा जोडी खिशात ठेवा.

घरी आल्यावर कान वाजत असतील तर रात्रभर शांतता द्या, साधारणपणे सकाळपर्यंत थांबतं. दुसऱ्या दिवसानंतरही वाजत राहिले किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका गुण येण्याची शक्यता जास्त.