‘अँग्लरफिश’ला मराठीत काय म्हणायचं? गळ, गरी की कंदील?

पाटीपेन्सिल:
दर रविवारी सोसायटीच्या वाचनखोलीत आम्ही सात ते दहा वयाची आठ-दहा मुलं जमवतो. या वेळी विषय मुलांनीच आणला. जानेवारी २०२५ मध्ये कॅनरी बेटांतल्या टेनेरिफजवळ एक काळा, दातेरी अँग्लरफिश (डोक्यावरच्या काठीच्या टोकाला दिवा असलेला खोल समुद्रातला मासा) भर दिवसा पाण्याच्या वरच्या थरात पोहताना दिसला होता. तो व्हिडिओ अजून घरोघरी फिरतोय. मी फळ्यावर नाव लिहिलं, तर एक जण म्हणाला, “अँगल म्हणजे कोन ना? मग हा कोनमासा!” मी घाईघाईने ‘गळवाला मासा’ असं सांगितलं. त्यावर पुढचा प्रश्न, “गळ म्हणजे गळू का?” शहरातल्या मुलांनी गळ पाहिलेलाच नाही. ‘आमिष’ मात्र एकीला लगेच कळलं: “नोकरीचं आमिष दाखवून फसवलं, पेपरात असतं ते.”
तर मुलांना सहज म्हणता येईल आणि चुकीचंही नसेल असं नाव सुचवा.

रिकामटेकडा:
कंदीलमासा. विषय संपला.

जुनी_पाने:
नाही संपला. कंदीलमासा म्हणावं असा वेगळाच मासा खोल पाण्यात आहे, इंग्रजीतला लँटर्नफिश. त्याच्या अंगावर दिव्यांच्या रांगाच असतात. हे नाव इथे खर्च केलं तर उद्या त्याला काय म्हणणार?

पाटीपेन्सिल, तुमच्या कोनमासावाल्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या. इंग्रजीत कोनाचा ‘अँगल’ आणि मासे धरण्याचा ‘अँगल’ हे दोन्ही शब्द मुळात ‘वाकणे’ या एकाच अर्थाचे. आपला ‘अंकुश’ही त्याच कुळातला. पोराने नकळत मुळावरच बोट ठेवलंय.

आता ‘आमिष’. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणून सामिष आणि निरामिष भोजन. गळाला मांसाचा तुकडा लावायचा, म्हणून ते आमिष. पुढे मांस गेलं आणि नुसती लालूच उरली. तुमच्या मुलीला पेपरातला अर्थ आधी कळला, कारण आज वापरात तोच जास्त आहे. गंमत अशी की शास्त्रज्ञ या माशाच्या काठीच्या टोकावरच्या गोळ्याला ‘एस्का’ म्हणतात आणि या लॅटिन शब्दाचेही अर्थ दोनच: खाणं आणि आमिष. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी आल्या. पण या गोळ्यात खाण्यासारखं काहीच नाही. आत राहतात प्रकाश देणारे जिवाणू. म्हणजे शब्दशः निरामिष आमिष! काजव्याचा उजेड त्याच्या स्वतःच्या अंगातला. इथे दिवा भाडेकरूंचा आहे, आणि भाडं म्हणून त्यांना राहायला जागा आणि पोषण. ‘एस्का’ मुलांच्या माथी मारू नका, ‘आमिषाचा दिवा’ पुरे.

खाडीकाठ:
मी मालवणकडचा. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरायला गरवणे. ‘आजो गरवूक गेलो’ म्हटलं की आजोबा दुपारपर्यंत येत नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक. इंग्रजी ‘अँग्लर’चा खरा जोडीदार ‘गरवणारा’ हाच. गरवणारा मासा. गरवी म्हणा हवं तर.

घाटावरचा:
गरवी म्हटलं की मला उशिरा तयार होणारं भातच आठवतं. हळवी आणि गरवी. पोरांना वाटेल हा मासा दिवाळीनंतर येतो.

खाडीकाठ:
😄 मान्य. मग ‘गरीवाला’.

मधलं_पाणी:
दोन हरकती.

पहिली गळाबद्दल. या माशाकडे काठी आहे (पाठीवरच्या पराचा पहिलाच काटा लांब होऊन तोंडावर झुकलेला), आमिष आहे, पण काठीच्या टोकाला गळ नाही. भक्ष्य तिथे अडकत नाही, फक्त जवळ येतं. अडकतं ते दातांत: लांब, आतल्या बाजूला कललेले दात, आत जाताना वाट देणारे आणि बाहेर येताना अडवणारे. म्हणजे गळ आहे, पण तोंडात. मुलांना हे आधी विचारा, “या काठीला गळ कुठे आहे?” शोधू दे त्यांना चित्रात.

दुसरी हरकत व्याकरणाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण सगळे ‘वाला’, ‘णारा’ म्हणतोय. खोल समुद्रातल्या या माशांत काठी आणि दिवा फक्त मादीकडे असतो. ‘मासा’ पुल्लिंगी, म्हणून सगळी वाक्यंही पुल्लिंगी होतात आणि मूल घरी जाऊन सांगतं, “तो दिवा लावून बसतो.” तो नाही, ती! टेनेरिफची तीही मादीच होती, जेमतेम सहा सेंटिमीटरची. पडद्यावर राक्षस दिसणारी ही बाई मुलांच्या तळहातावर मावली असती. एवढं सांगितलं तरी निम्मी भीती जाते.

जाता जाता: ‘समुद्राच्या तळाशी राहते’ असं लिहू नका. त्यांतल्या बहुतेक जणी तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधल्या काळोखात, बऱ्याचदा हजार मीटरच्या खाली, जवळजवळ न हलता तरंगत असतात. तिथे सूर्याचा उजेड पोचत नाही आणि खाणं क्वचित जवळून जातं. म्हणून पोटही ताणणारं, स्वतःपेक्षा मोठं भक्ष्य मावेल असं. ‘जगते’पेक्षा ‘तग धरते’ हे क्रियापद तिला शोभेल.

पाटीपेन्सिल:
अरे देवा, मी ‘तो’ आणि ‘तळाशी’ दोन्ही सांगून बसले. मग मासोळी म्हणू का? स्त्रीलिंगी आहे.

घाटावरचा:
एवढे दात, आणि मासोळी? मला पायाच्या बोटातली आठवते.

मधलं_पाणी:
म्हणूनच आवडलं. ‘गरीवाली मासोळी’. नाव नाजूक, तोंड उघडलं की कळतं.

रिकामटेकडा:
आणि नर? तो काय करतो? घरजावई?

जुनी_पाने:
विनोद जवळपास बरोबर आहे. १९२२ मध्ये आइसलंडचे माशांचे अभ्यासक ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मोठ्या मादीच्या पोटाला दोन चिमुकले मासे चिकटलेले दिसले. त्यांना ती पिल्लं वाटली. १९२५ मध्ये ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी दाखवलं की असे चिकटलेले मासे म्हणजे नर. त्या जातींत नर मादीला चावून धरतो, पुढे दोघांची कातडी आणि रक्तवाहिन्या एक होतात आणि त्याला तिच्या रक्तातूनच पोषण मिळतं. मात्र सगळ्या जातींत असं नाही. टेनेरिफच्या काळ्या जातीत नर थोडा काळ चिकटतो आणि सुटतो.

शब्द म्हणून ‘परजीवी’ पुस्तकी आहे. ‘बांडगूळ’ मुलांना आंब्यावर दाखवता येईल, पण त्यात शिवी आहे, आणि ती इथे अन्यायाची आहे. बांडगूळ आंब्याला काही देत नाही. हा नर अंडी फळवतो. तेवढ्या काळोखात जोडीदार पुन्हा सापडेल याची शाश्वती नाही, म्हणून सापडला की सोडायचा नाही.

खाडीकाठ:
आमच्याकडे खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या कालवांना कोणी बांडगूळ म्हणत नाही. ‘चिकटलेला’ म्हणा, बास.

पाटीपेन्सिल:
आज पुन्हा बसलो. गळ तोंडात आहे हे तिघांनी शोधलं. कोनमासावाल्याला अंकुशाचं सांगितलं, तेव्हापासून तो ऐटीत आहे. फळ्यावर ‘गरीवाली मासोळी’ राहिलं. नराच्या नावावर एकमत झालं नाही. मुलांनी तिच्या पोटाखाली खडूने एक टिंब काढलं आणि शेजारी बाण काढून लिहिलं: ‘हा तो’.