मदत हवी आहे: पुलावरच्या वायरलेस सेन्सरचा मोड शेप जुळत नाहीये, अर्जंट

धायरी_सिव्हिल:
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे. पुलावर तीन नोड (सेन्सरचे डबे) लावलेत, तिन्हीवर ४.१ हर्ट्झ फ्रीक्वेन्सी मस्त येते पण मोड शेप (त्या फ्रीक्वेन्सीला पूल कुठल्या आकारात हलतो ते) काढायला गेलं की मधला एकीकडे आणि बाजूचे दुसरीकडे हलताना दिसतात, आणि तासाभराने बघितलं तर परत वेगळंच. पहिल्या मोडला सगळे एकाच बाजूला हलायला पाहिजेत ना? कोड नीट तपासलाय, त्यात काही नाहीये. लवकर सांगा प्लीज.

टापकीर_गल्ली:
सेन्सर कुठला, बोर्ड कुठला, पूल लोखंडी की काँक्रीटचा? काहीच नाही लिहिलंस भावा.

धायरी_सिव्हिल:
एमपीयू ६०५०, ईएसपी ३२, १०० सॅम्पल सेकंदाला. कॉलेजच्या आवारातला नाल्यावरचा लोखंडी पादचारी पूल, परवानगी आहे.

टापकीर_गल्ली:
मग सेन्सरच बदल. एडीएक्सएल ३५५ घे, ६०५० चा नॉइज (सेन्सरची स्वतःची खरखर) त्याच्या साधारण सोळापट. महाग आहे पण पुलासाठी तोच घ्यायचा.

निवृत्त_उपअभियंता:
सेन्सर नंतर बदल, आधी सांग त्या वेळी पुलावर माणसं चालत होती का. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, त्याची दुप्पट चारच्या आसपासच येते. तू पूल मोजतोयस की पोरांची चाल? पूल रिकामा असताना मधोमध चवड्यांवर उभा राहा आणि टाचा एकदम आपट, मग कंपनं कशी विरत जातात ते बघ. डॅम्पिंगसुद्धा त्यातच मिळेल.

धायरी_सिव्हिल:
सर ते केलंय, तेव्हापण ४.१ च येतं. माझा प्रश्न दिशेचा आहे.

कोथरूडचे_काका:
आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कॉलमला उभी भेग आहे, त्यावर असे वायरलेस सेन्सर बसवले तर किती खर्च येईल? बिल्डिंग २६ वर्षांची आहे.

मोड_दोन:
@धायरी, तिन्ही नोडचं घड्याळ कोण लावतं?

धायरी_सिव्हिल:
लावायचं काय त्यात, प्रत्येक जण चालू झाल्यापासून मिलिसेकंद मोजतो, सुरुवात मी नंतर जुळवून घेतो.

मोड_दोन:
हेच आहे. सुरुवात जुळली तरी प्रत्येक नोडच्या घड्याळातल्या क्रिस्टलचा वेग वेगळा. १० पीपीएमचा (दहा लाखांत १०) फरक म्हणजे तासाला ३६ मिलिसेकंद, एक पुढे आणि दुसरा मागे पळाला तर ७२. तुझं एक आवर्तन २४४ मिलिसेकंदांचं, म्हणजे पाव आवर्तनापेक्षा जास्त घसरलं, अजून तासाभरात उलटच दिसणार. फ्रीक्वेन्सीला याने फरक पडत नाही म्हणून ती जुळतेय. एका नोडने ईएसपी-नाऊवरून (बोर्डाच्या वायफाय रेडिओवरून थेट दुसऱ्या बोर्डांना) दर मिनिटाला ठोका पाठवायचा, बाकीच्यांनी तो आपल्या घड्याळात किती वाजता आला ते लिहून ठेवायचं आणि नंतर लॅपटॉपवर वेळ ताणून जुळवायची. मिनिटालाच पाठव, दुपारी डबा तापला की क्रिस्टलचा वेग परत बदलतो.

लोरा_प्रेमी:
वायफायच्या भानगडीत पडूच नका, लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ) वापरा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही.

मोड_दोन:
तीन अक्ष, १०० सॅम्पल, १६ बिट म्हणजे एका नोडचे सेकंदाला ४८०० बिट. कच्चा डेटा लोरावरून सतत कसा पाठवणार? नोडवरच गणित करून निकाल पाठवायचा असेल तर ठीक, पण याला मोड शेप हवाय.

निवृत्त_उपअभियंता:
वायर टाकली असती तर हा प्रश्नच आला नसता. आणि १५ जून २०२५ ला पुण्याजवळचा कुंडमळ्याचा पूल पडला, चार जण गेले. तो धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं, तिथे सेन्सरने काय वेगळं सांगितलं असतं?

टापकीर_गल्ली:
सर, पण ज्या पुलांचं कोणालाच माहीत नाही त्यांचं काय? प्रत्येक पुलाखाली वायर घेऊन कोण जाणार? ही पोरं हे शिकतायत ते चांगलंच आहे.

निवृत्त_उपअभियंता:
शिकावंच. पण रीडिंग बघून पूल बंद करायचा अधिकार कोणाकडे आहे हेही रिपोर्टात लिहावं.

@काका, तुम्हाला सेन्सर नको, स्ट्रक्चरल ऑडिट हवं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी करायचंच असतं. उभी भेग बहुतेक आतल्या सळईच्या गंजाने असते, हाफ-सेल टेस्ट (सळई गंजतेय का ते बघणारी) करून घ्या. प्लास्टर मारून झाकू मात्र नका.

धायरी_सिव्हिल:
ठोका टाकला, तिन्ही एका बाजूला आले!! थँक्यू @मोड_दोन. पण आता कडेच्या एका नोडवर ३० हर्ट्झच्या आसपास आलेखात मोठा पीक (उंचवटा) दिसतोय, बाकी दोनवर अजिबात नाही. हे काय आता?

मोड_दोन:
तो डबा पुलाला कशाने चिकटवलायस?

धायरी_सिव्हिल:
फोमची डबल टेप.

मोड_दोन:
मग डबाच थरथरतोय. लोखंडी पूल आहे ना, टेप काढ आणि चुंबक किंवा क्लॅम्प लाव.