हायलक्स चॅम्प नव्हे, रॅव्ह४ चा भाऊ

टोयोटा अमेरिकेत फोर्ड मॅव्हरिकच्या तोडीचा छोटा पिकअप आणणार आणि तो म्हणजे थायलंडचा हायलक्स चॅम्पच, हा तर्क मला पटत नाही. आयात हलक्या ट्रकवर अमेरिकेत 1964 पासून 25 टक्के कर आहे. स्वस्त गाडी थायलंडहून नेली तर ती स्वस्त राहणारच नाही. शिवाय चॅम्प लॅडर फ्रेमवरचा (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेला), कामाचा गडी. तिथल्या सुरक्षा आणि प्रदूषणाच्या नियमांत बसवायचा तर अर्धी गाडी नव्याने करावी लागेल.

फोर्डने 2021 मध्ये मॅव्हरिक आणताना काय केलं ते बघा. आपल्या एस्केप एसयूव्हीचाच प्लॅटफॉर्म (गाडीचा मूळ पाया) घेतला, हायब्रिड इंजिन मूळ मॉडेलमध्येच दिलं आणि सुरुवातीची किंमत 20 हजार डॉलरच्या आत ठेवली. ह्युंदाईची छोटी पिकअप सांता क्रूझही त्यांच्या टक्सन एसयूव्हीवरच बेतलेली, पण किंमत चढी. खप मॅव्हरिकने खाल्ला.

टोयोटाकडे रॅव्ह४ या एसयूव्हीचा प्लॅटफॉर्म आणि हायब्रिड यंत्रणा आयती आहे. 2023 मध्ये तिने दाखवलेली ईपीयू ही पिकअपची संकल्पनाही मोनोकॉकच, म्हणजे वेगळ्या फ्रेमविना, होती (इलेक्ट्रिक असली तरी). खरी अडचण टॅकोमाची, म्हणजे टोयोटाच्याच मोठ्या पिकअपची, वाटते. तिचं गिऱ्हाईक न फोडता किंमत किती खाली आणणार?