रविवारी राबून आठवडा सुटतो का?

साडेसहाची_लोकल:
गेले तीन महिने मी दर रविवारी सकाळी आठवड्याची तयारी करून ठेवते आहे. घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई, सातवीतली लेक आणि तिसरीतला लेक. मला डोंबिवलीहून फोर्टला जायचं, नवऱ्याला ऐरोलीला. रोज चार डबे आणि सहा दहाला घराबाहेर. आधी सव्वाचारला उठत होते, आता चार पन्नासला उठते. पहाटेची पस्तीस मिनिटं झोप म्हणजे काय, ते ज्याला मिळत नाही त्यालाच कळेल.

टिकलं ते सांगते. शेंगदाण्याचं कूट, दर पंधरवड्याला अर्धा किलो, कढईत मंद आचेवर भाजून. (मायक्रोवेव्हचा नाद सोडला, दाणे वरून पांढरे आणि आतून करपलेले निघतात.) ओलं खोबरं खवून फ्रीजरमध्ये. कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, पाच जणांच्या उसळीला चार वड्या. कोथिंबीर निवडायची पण धुवायची नाही, जुन्या सुती पंचात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची. एरवी आठवडा जातो, पावसाळ्यात चार दिवस. गवार आणि घेवडा निवडून. मटकीला शुक्रवारी रात्री भिजवून मोड आणायचे, ती रविवार-सोमवारी संपवायची.

फसलं तेही लिहिते. चिरलेलं वांगं काळं पडलं, चिरलेल्या कांद्याचा वास दुधाला लागला, आणि रविवारी मळलेली कणीक मंगळवारी राखाडी झाली. लेकीने पोळी बघून डबा तसाच परत आणला.

घरात दोघं नोकरी करत असतील तर याला पर्याय नाही असं माझं मत. ज्यांना हे शिळं खाणं वाटतं त्यांनी जरूर लिहावं. भांडायची तयारी आहे.

खलबत्ता:
आले भांडायला.

मीही एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, सांगलीत, एकत्र कुटुंबात. रविवारी कधी सुरी धरली नाही. माझी पद्धत आदल्या रात्रीची. जेवणं झाली की ओटा पुसायच्या आधीच उद्याची भाजी चिरायची, कुकरच्या भांड्यांत डाळ-तांदूळ काढून ठेवायचे, डब्यांची झाकणं डब्यांशेजारी लावायची, चहाचं पातेलं शेगडीवर. पंचवीस मिनिटं. सकाळी डोळे अर्धे मिटलेले असले तरी हात चालतात.

रविवार माझा होता. न्हायचं, पेपरची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायची, दुपारी झोपायचं. तुम्ही सहा दिवस सुटावेत म्हणून सातवा गहाण टाकलाय. आणि गोठवलेल्या वाटणाची आमटी मी डोळे मिटून ओळखीन. तिला खोबऱ्याचा वास नसतो, फ्रीजचा असतो.

साडेसहाची_लोकल:
काकू, रात्री पंचवीस मिनिटं आणू कुठून? मी घरात शिरते तेव्हा नऊ वाजलेले असतात. ठाण्यापर्यंत उभी, पुढे जमली तर चौथी सीट. बायकांच्या डब्यात मेथी निवडणाऱ्या बायका मी रोज बघते. त्यांना खिडकी मिळालेली असते. चौथ्या सीटवर अर्धं टेकून फार तर मोबाइल धरता येतो. सांगलीत बँकेतून घरी यायला तुम्हाला किती वेळ लागत होता?

शिवाय मेमध्ये कुरडया घालत होता ना? गोडा मसाला वर्षाचा करत होता? सांडगे, भाजणी, मेतकूट? तीही आधीच केलेली तयारीच की. आजीने गच्चीवर केली की परंपरा, मी फ्रीजमध्ये केली की शिळं!

खलबत्ता:
चालत सात मिनिटं. तो मुद्दा तुमचा, मान्य.
पण कुरडई आणि वाटण एका पारड्यात? काहीही.

प्रयोगशाळेतला_चहा:
अन्नाच्या सूक्ष्मजीवशास्त्राचे तास घेतो, म्हणून मध्ये पडतो. कुरडईच्या मुद्द्यावर काकू बरोबर आहेत. जंतूंना वाढायला पाणी लागतं. कडक उन्हात वाळलेल्या कुरडईत किंवा भाजलेल्या डाळींच्या मेतकुटात ते पुरेसं उरत नाही, म्हणून ती डब्यात महिनोन्महिने राहतात. वाटणात पाणी भरपूर. साध्या फ्रीजमध्ये ते फक्त हळूहळू बिघडतं. फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, जंतूंची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. त्यामुळे वड्या गोठवणं ठीक, मात्र वितळलेली वडी उरली म्हणून परत ट्रेमध्ये टाकू नका.

फ्रीज आतून ५ अंशांच्या खाली असावा. बटणावरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. रविवारी वीस डबे कोंबले की आतली हवा फिरत नाही आणि मधले डबे कोमटच राहतात.

कणीक राखाडी होते ती गव्हाच्या कोंड्यातल्या एन्झाइममुळे. कापलेलं सफरचंद काळं पडतं, तशीच. रंगाने अपाय नाही, पण एका दिवसापुढे ती आंबायला लागते. तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवलीत तर आदल्या रात्रीची कणीक सकाळी उत्तम. तीन दिवसांची नको.

सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची टूम सध्या फार दिसते. ते अजिबात करू नका. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझमच्या (जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेच्या) जंतूंना तेच हवं असतं. लसणाची पेस्ट फ्रीजरमध्येच ठेवा.

आता शिव्या खायचा मुद्दा, रात्रीचा भात. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. उरलेला भात ताटात पसरून गार करा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. मग खुशाल फोडणी घाला.

खलबत्ता:
जन्मभर ओट्यावरचा भात सकाळी फोडणीला टाकला. कोणाला काही झालं नाही.

प्रयोगशाळेतला_चहा:
झालं असेल काकू. त्याला आपण ‘काहीतरी बाधलं’ म्हणून ओवा दिला असेल.

वसरीवरून:
आम्ही बीड जिल्ह्यातले, शेतावर राहतो. तुमचं सगळं भांडण फ्रीजवर चाललंय. आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, एप्रिलमध्ये फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. सात माणसं, आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत आई अन् बायको दोघी सकाळी आठला वावरात. मग घर कसं चालतं? कारळाची आणि जवसाची चटणी, दाण्याचं कूट, सांडगे, उन्हाळ्यात वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. हे सगळं डब्यात, लाईटीशी संबंध नाही. भाकरी सकाळी एकदाच, पंधरा-वीस. संध्याकाळी दुधात कुस्करायची, नाहीतर तव्यावर कडक करायची. आणि पाहुणा आला की पिठलं, कांदा चिरण्यापासून दहा मिनिटं. पिठल्याला आधीची तयारी लागत नाही, म्हणून तर ते पिठलं.

शहरातल्यांनी वाटण कमी केलं तरी निम्मं काम हलकं होईल असं मला वाटतं. रोज वाटणाची भाजी कशाला पाहिजे?

साडेसहाची_लोकल:
हे मात्र पटलं. आमच्याकडे आठवड्यातून चारदा वाटण, कारण सासर मालवणचं. सासूबाईंच्या लेखी वाटणाशिवायची भाजी म्हणजे पथ्य.

पोळीवाल्या_ताईंचा_फॅन:
तुम्ही डोंबिवलीत राहता आणि पोळ्या स्वतः लाटता? तुमच्या गावात दर दोन गल्ल्यांमागे पोळी-भाजी केंद्र आहे! आम्ही पुण्यात पोळ्या बाहेरून घेतो, भाजी-आमटी घरी. सकाळच्या कामात सगळ्यात जास्त वेळ पोळ्याच खातात. वीस पोळ्या म्हणजे चाळीस मिनिटं. तुमच्या रविवारच्या सगळ्या उठाठेवीतून वाचतात त्याहून जास्त.

साडेसहाची_लोकल:
केंद्र सातला उघडतं. माझे डबे पावणेसहाला भरून होतात. आदल्या संध्याकाळच्या पोळ्या घेऊन बघितल्या. उन्हाळ्यात ठीक, थंडीत दुपारपर्यंत पापड.

अर्ध्या_ओट्याचा_मालक:
आमच्या घरी रविवारची तयारी मी करतो. बायकोला तेवढीच मदत. तीन तास लागतात, गाणी लावतो, मजा येते. एवढा बाऊ कशाला करायचा कळत नाही.

खलबत्ता:
‘मदत’! घर तिचं, तुम्ही शेजारून आलात का?

आकडेमोड:
‘मजा येते’ आणि ‘बाऊ’ यांवर थोडे आकडे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७. हे ९७ सुद्धा फक्त करणाऱ्यांचे. दिवसभरात काहीतरी घरकाम करणारे पुरुष होते शंभरात सव्वीस, बाया एक्याऐंशी. २०२४ मध्ये परत मोजलं तेव्हा बायांची मिनिटं २८९ वर आली, पुरुषांची ८८ वर. म्हणजे तिची दहा कमी झाली ती त्याने उचलली म्हणून नव्हे, त्याचीही नऊ घटली.

आठवड्यातून एकदा गाणी लावून केलेलं काम मजेचं असतंच. रोज सकाळी पाचला, न विचारता करायचं काम वेगळं.

अर्ध्या_ओट्याचा_मालक:
बरं, ‘मदत’ हा शब्द मागे घेतो. पण माझंही ऐका. मला तयारीपेक्षा यादी अवघड गेली. तेल कधी संपेल, तिखट किती उरलंय, मुलाच्या शाळेत बुधवारी हिरवा शर्ट लागतो, गॅसचा नंबर कधी लावायचा. हे सगळं बायकोच्या डोक्यात होतं, मी फक्त सांगितलं ते करत होतो. सहा महिन्यांपूर्वी आम्ही फ्रीजच्या दारावर पाटी लावली. जो डबा तळाला नेईल त्याने लिहायचं. पहिले दोन महिने सगळी अक्षरं तिचीच होती. मग तिने लिहायचं बंद केलं. एका रविवारी घरात साखर नव्हती, चहाला गूळ घातला आणि तो नासला. त्यानंतर माझं आणि मुलाचं अक्षर दिसायला लागलं.

खलबत्ता:
ही गोष्ट आवडली. चहा उकळून खाली उतरवल्यावर गूळ घाला, नासत नाही.

चौथा_मजला:
इतकं सगळं वाचून मला एकच कळत नाहीये. तिसरीतला आणि सातवीतली असताना गवार एकटी आई का निवडते? आमच्याकडे मटार सोलणं, लसूण सोलणं, दाण्यांची सालं पाखडणं ही मुलांची कामं. मटार अर्धे पोटात जातात, तो वेगळा हिशेब.

साडेसहाची_लोकल:
पुढच्या रविवारी आले, काय झालं ते सांगायला.

आज नवरा आणि दोन्ही मुलं गवार निवडायला बसली. अर्धा किलोला पंचावन्न मिनिटं. मी एकटी पंधरात करते. शिरा निम्म्या तशाच आहेत, सोमवारी दातांत अडकतील, अडकू देत. मी तेवढ्यात कूट केलं, खोबरं खवलं आणि बारापर्यंत चक्क पलंगावर होते. वाटण या वेळी केलंच नाही. बुधवारी ऑफिसला सुट्टी आहे, ताजं वाटून काकू म्हणतात तो फरक कळतो का बघणार आहे. पाटी लावली आहे. पहिली नोंद लेकाची, ‘चॉकलेट’.

शनिवारी रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर राहिला होता, तो टाकून दिला. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीयेत.

खलबत्ता:
त्यांना सांगा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवला असता तर टाकावा लागला नसता. मीही परवापासून ठेवते आहे, मास्तरांना कळवू नका.

बुधवारी कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजा. कांदा आधी, तेलावर, चांगला तांबूस होईपर्यंत. तो काढून मग त्याच कढईत खोबरं. एकत्र टाकलंत तर कांदा होईतो खोबरं करपतं, आणि मग म्हणाल ताज्यात काही फरक नाही.